चेहरा शेवटी

मी गाढव बोलतोय.

हसा, हसून घ्या. हसणाऱ्यांचं मी काही वाकडं करत नाही. माझ्यावर बसले की त्यांची पँट तेवढी फाडतो. माझ्या डाव्या कुशीत एक खिळा आहे, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याने आजवर काय काय पाहिलंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

पाय मला चार आहेत, पण लाकडाचे. चित्रकलेच्या वर्गात तो लांबट बाक असतो बघा, दोन्हीकडे पाय टाकून बसायचा, पुढे एक उभी फळी आणि तिला टेकवलेला चित्राचा बोर्ड. तो मी. शिकलेले लोक मला डाँकी म्हणतात. डाँकी म्हणजे काय हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. बाक म्हणा तर मी तो, डाँकी म्हणा तर मी ती, गाढव म्हणा तर मी ते. पस्तीस वर्षं झाली, मी नक्की कोण हे कुणी धड ठरवलेलं नाही. आणि या खोलीत म्हणे निरीक्षण शिकवतात.

मला लिहिता येत नाही. वाचता येतं ते फक्त माझ्या अंगावर आहे तेवढंच. पुढच्या फळीवर पांढऱ्या रंगात 'सात' काढलंय, तो माझा नंबर. पाठीवर एक बदाम कोरलाय आणि त्यात दोन अक्षरं. त्यातलं एक अक्षर आहे तसंच आहे, दुसरं तीन वेळा खोडून बदललंय. एवढ्यावरच माझं शिक्षण संपलं. त्यामुळे हे सगळं तोंडी ऐका, आणि शुद्धलेखन तपासायला बसू नका.

मला ज्या सुताराने केलं तो हाताने चांगला होता, पण तोंडाने वाईट. चौथा पाय मापताना शेजाऱ्याशी भांडत होता. शेजारी म्हणाला, "तुझं दार माझ्या हद्दीत येतंय." हा म्हणाला, "बोटभर येतं फार तर." आणि बोटभर म्हणताना त्याने माझा पाय बोटभर कमी कापला. नंतर त्याखाली कागदाची घडी सरकवली आणि दिलं मला पाठवून. तेव्हापासून मी डुगडुगतो. घडी कुणीतरी काढून नेतं, पुन्हा कुणीतरी घालतं. घडी नसेल तेव्हा मी अंग आखडून, तीन पायांवर जोर देऊन उभा राहतो. हे कष्ट कुणाला दिसत नाहीत. कधीकधी मुद्दाम जरा सैल सोडतो, हेही खरं. कुणी जीव मुठीत धरून नाकाची सरळ रेघ ओढत असेल तेव्हा. तेवढीच करमणूक.

आता माझा राग ऐका. त्याच्यासाठीच तर तोंड उघडलंय.

या वर्गात माणूस समोर बसवून त्याचं चित्र काढतात. याला लाइफ क्लास म्हणतात. मधोमध लाकडाचा चौथरा, त्यावर खुर्ची, खुर्चीवर मावशी. मावशी इथे बावीस वर्षं बसली. सकाळी आठला यायची, चपला चौथऱ्याच्या कडेला जोडून ठेवायची, चष्मा काढून चपलेत ठेवायची आणि बसायची. चष्मा काढायला सरांनीच सांगितलं होतं, काच चमकते म्हणून. चष्म्याशिवाय मावशीला समोरचे वीस जण म्हणजे वीस डाग दिसायचे. डागांनी तिच्याकडे बघायचं आणि तिने डागांकडे. बावीस वर्षं.

आणि सरांचा एक मंत्र होता. दर वर्षी पहिल्या दिवशी नवीन मुलांना सांगायचे, मग रोज सांगायचे, मुलं झोपेतही म्हणतील इतकं सांगायचे. "चेहरा शेवटी. आधी वजन कुठे आहे बघा. पाठ बघा, मांडी बघा, पाऊल जमिनीवर टेकलंय का बघा. चेहऱ्यात घुसलात की बुडालात. चेहरा शेवटी."

शेवटी म्हणजे कधी, तर सगळं झाल्यावर. सगळं कधी व्हायचं, तर कधीच नाही. पोरगं मांडीवरच अर्धा तास घालवायचं. पाऊल कधी मोठं व्हायचं, कधी लहान, कधी कागदाबाहेर जायचं. मग घंटा व्हायची. सगळ्या चित्रांत मानेवर एक कोरं अंडं. कुणी फार कष्टाळू असेल तर अंड्यावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ.

बावीस वर्षांत मावशीचे किती कागद झाले असतील त्याचा हिशेब मी करणार नाही, तेवढं गणित मला येत नाही. पण त्या ढिगात तिचं तोंड एकदाही नव्हतं. सर वाईट माणूस नाहीत, हे मी रागातही सांगतो. त्यांच्या सरांनी त्यांना हेच सांगितलं होतं. पण एकाने सांगितलं म्हणून दुसऱ्याने म्हणायचं, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याने, आणि मधोमध एक जिवंत बाई बिनतोंडाची बसून. मला सांगा, या खोलीत गाढव कोण?

मावशीच्या इथल्या शेवटच्या वर्षी माझ्या पाठीवर पोस्टमन बसायचे. नोकरीतून निवृत्त झालेले, खरे पोस्टमन. आयुष्यभर चालले, आता बसून काहीतरी करावं म्हणून इथे आले. नजर मंद झाली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू. वर्गातली मुलं त्यांना काका म्हणायची, पण आपसात पोस्टमनच म्हणायची. वजनाने हलके, बसण्यात शिस्तीचे. माझ्या पायाखालची घडी ते रोज स्वतः तपासायचे. माणूस ओळखायला मला एवढं पुरतं.

सरांशी त्यांची जुंपली ती पहिल्याच आठवड्यात.

"सर, एक विचारू? पाकिटावर पत्ता शेवटी लिहितात का?"

"म्हणजे?"

"चेहरा म्हणजे माणसाचा पत्ता. पत्ताच नसेल तर बाकीचं कितीही सुबक असू दे, ते द्यायचं कुणाला?"

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "काका, तुम्ही पत्ता राहू द्या, पार्सलचं वजन दाखवा." आणि पोस्टमन मुकाट्याने मांडी काढायला लागले. मी खिळा बाहेर काढला होता सरांसाठी, पण ते माझ्यावर कधी बसतच नाहीत.

मावशीच्या गुडघ्यांनी त्या वर्षी हात टेकले. चौथऱ्यावर चढताना ती खुर्चीला धरायची, उतरताना हवेला. तिनेच सरांना सांगितलं, "हा आठवडा बसते, शनिवारी सुटते." सरांनी ठरवलं की शेवटचा आठवडा मोठा करायचा. रोज नवीन साहित्य. पेन्सिल बंद.

सोमवारी कोळसा. वीस जणांनी वीस तोंडं काळी करून घेतली, मावशीचं सोडून.

मंगळवारी उलट. आख्खा कागद कोळशाने काळा करायचा आणि पावाच्या तुकड्याने खोडून खोडून उजेड काढायचा. पाव खोडायला चांगला, मऊ असतो, कागद दुखवत नाही. सर म्हणाले, "आज रेघ नाही ओढायची, आज प्रकाश पुसून काढायचा." फार सुंदर बोलतात ते. माझ्या शेजारच्या आठ नंबरवर बसणारी पोरगी, तिला सगळे टाचणी म्हणायचे, कारण अंगाने तशी आणि बोलण्यानेही तशी, तिने अर्धा पाव मावशीच्या खांद्यासाठी वापरला आणि अर्धा खाल्ला. तोंड पुसायला पाव उरला नाही. मावशीचं हो, तिचं स्वतःचं नाही.

बुधवारी शाई आणि झाडाची काडी. काडी बोथट, शाई पातळ. कुणाची मावशी झाडासारखी झाली, कुणाची गळक्या नळासारखी.

त्याच दिवशी चहाच्या सुट्टीत मावशी चष्मा लावून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. पोस्टमन बसलेले होते. त्यांनी उठून जागा देऊ केली. ती म्हणाली, "नको हो, खाली बसले तर उठायला क्रेन बोलवावी लागेल."

"शनिवारी सुटताय म्हणे."

"सुटते." तिने समोरच्या बोर्डांवरून नजर फिरवली. वीस मावश्या, वीस अंडी. "काका, एक विचारू? ह्यातलं एखादं माझं आहे का?"

"सगळी तुमचीच."

"तसं नाही. मी घरी नेलं आणि कुणी विचारलं हे कोण, तर मी आहे असं दिसेल का?"

पोस्टमननी आपल्या कागदावरचं अंडं तळहाताने झाकलं.

"माझी थोरली जाऊ आहे. बावीस वर्षं म्हणते, 'चित्र काढतात म्हणे हिचं. झाडलोट करत असेल तिथे, आणि घरी येऊन राणीसारखी सांगते.' मी म्हणते, काढतात हो जाऊबाई. ती म्हणते, मग एक आण की दाखवायला. एकदा नेलं मी. तर म्हणाली, 'ही कोण? ही तर आपल्या धाकट्या नणंदेसारखी दिसते, पाठीमागून.'" मावशी हसली, पण हसताना चष्मा काढून पदराने पुसायला लागली. चष्म्याची एक दांडी तुटलेली होती, काळ्या दोऱ्याने बांधलेली. "आता शनिवारनंतर मला म्हणायलाही काही नाही. म्हणेल, 'बघा, काढलं हिला झाडलोटीवरून.'"

पोस्टमन तिच्याकडे बघत होते. अगदी जवळून, मोतीबिंदूवाला डोळा मिटून, चांगला उघडून. दार उघडणारा माणूस तोच आहे ना हे बघतात तसं. मग म्हणाले, "शनिवारी तुमचं काहीतरी पोचवतो."

"काय?"

"ते पोचल्यावर कळेल."

आता गुरुवार ऐका. गुरुवारी साहित्य होतं मेणबत्ती.

पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने काढायचं. काहीच दिसत नाही. मग वरून पाण्यात कालवलेली शाई फिरवायची. मेण लागलेल्या जागी शाई बसत नाही, बाकी सगळीकडे बसते. काळ्यात पांढरं चित्र उठून येतं. सर म्हणाले, "आज डोळ्यांनी नाही, हाताने बघा. आणि चेहरा..."

"शेवटी," वर्ग म्हणाला.

पोस्टमननी मेणबत्ती उचलली. आणि माझ्या पाठीवर बसल्या बसल्या ते हसले. मला त्यांचं हसू कळलं, कारण पोट हललं. पांढऱ्यावर पांढरं. सर मागे येऊन उभे राहिले तरी त्यांना काय दिसणार?

सगळा वर्ग पाठ, मांडी, पाऊल करत होता. पोस्टमननी पहिलीच रेघ काढली ती चष्म्याची. समोरच्या मावशीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, तो चपलेत होता. पण यांनी कालचा लावला, चहाच्या सुट्टीतला. मग त्या दांडीवरचा दोरा, तीन वेढे आणि एक गाठ. मग नाक, मग तोंडाच्या कडेची ती घडी, हसताना तिच्यात पडते ती. बोर्ड माझ्या फळीला टेकलेला, मेणबत्ती दाबून फिरत होती, प्रत्येक रेघ माझ्या हाडापर्यंत येत होती. अख्ख्या वर्गात दोघांनाच माहीत होतं तिथे काय निघतंय. एक पोस्टमन, आणि त्यांनाही ते दिसत नव्हतं. दुसरा मी.

त्या दिवशी मी जरासुद्धा डुगडुगलो नाही. पस्तीस वर्षांत एवढा नीट मी कधी उभा नव्हतो.

सर येऊन मागे थांबले. "काका, कोरा दिसतोय कागद."

"मेणबत्तीचं आहे सर. उजेडात धरून बघता का?"

"पाऊल टेकलंय ना जमिनीवर?"

"अगदी घट्ट," पोस्टमन म्हणाले. पाऊल कागदावर नव्हतंच.

शाई फिरवायच्या आधी घंटा झाली. ते म्हणाले, "उद्या शाई देतो," आणि कागद बोर्डाला चिमट्यात तसाच ठेवून गेले. आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. त्यांच्या मुलीने सरांना फोन केला: डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढची होती, ती अलीकडे मिळाली, बाबांना घेऊन गेलोय.

आता बघा काय झालं. शुक्रवारी टाचणी आली आणि आठ सोडून माझ्यावर बसली, खिडकी जवळ म्हणून. चिमट्यात एक कोरा कागद दिसला. चित्र काढताना खाली एक-दोन कोरे कागद घेतात, अस्तर म्हणून, नाहीतर बोर्डाच्या लाकडाची शीर वरच्या कागदावर उठते. तिला वाटलं, अस्तर. तिने त्याच्यावरच आपला कागद लावला आणि मावशीचं तोंड झाकून मावशीची पाठ काढायला लागली.

मी काय करू शकत होतो? मला तोंड नाही. ते आता तुमच्याशी बोलायला आलंय, तेव्हा नव्हतं. मी डुगडुगलो. टाचणी म्हणाली, "ए गाढवा, गप." मी पुन्हा डुगडुगलो. तिने कागदाची घडी घेतली आणि माझ्या पायाखाली कोंबली. हे माझ्या आयुष्याचं सार आहे. बोलायला गेलो की पायाखाली काहीतरी कोंबतात.

शनिवारी शेवटचा दिवस. शाई आणि कुंचला. मावशी तासभर बसली. आज ती पुन्हा पुन्हा डागांकडे बघत होती, एक डाग कमी आहे का ते मोजत असावी. सुट्टीत चष्मा लावून माझ्याकडे आली.

"पोस्टमन नाही आले?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं कालच," टाचणी म्हणाली.

"अस्सं. बरं झालं, डोळा सुटला." एवढंच म्हणाली. मग समोरच्या बोर्डाकडे बघत, "माझ्यासाठी काही ठेवलं नाही ना त्यांनी?"

"नाही मावशी. काय ठेवायचं होतं?"

"काही नाही ग. असंच."

आणि तिचं तोंड माझ्या फळीवर, तिच्यापासून दोन बोटांवर, एका कागदाच्या खाली.

घंटा झाल्यावर सरांनी वर्गाला थांबवलं. कपाटातून कागदांचे गठ्ठे काढले, फरशीवर पसरले. "मावशी," ते म्हणाले, "तुम्हाला आवडेल ते एक घ्या. दोन घ्या. कितीही घ्या."

मावशी वाकू शकत नव्हती. टाचणी एकेक कागद उचलून तिच्यासमोर धरत होती. कोळसा, पाव, काडी, शाई. पाठ, मांडी, अंडं. पाठ, हात, अंडं. तिने सगळे बघितले, घाई नाही, एकही न सोडता. वीस मुलं उभी. हळूहळू एकेकाला कळायला लागलं असावं, कारण खोकणंही थांबलं. शेवटी तिने एका कागदावर बोट ठेवलं. नुसतीच दोन पावलं होती त्यात.

"हे द्या. ही माझीच आहेत. अंगठा वाकडा आहे बघा." आणि सरांकडे बघून म्हणाली, "जाऊबाईंना दाखवते. त्या पाया तरी पडतील."

कुणी हसलं नाही. मला इतका संताप आला की मेखा करकरल्या.

मग ती चपला घालायला वळली. उभ्याने चपलेत पाय जाईना. टाचणीने बोर्ड माझ्या फळीवरून काढून माझ्या बैठकीवर आडवा ठेवला होता, स्वतःचं ओलं चित्र सोडवून वाळायला नेलं होतं, आणि शाई कालवलेला वाडगा बोर्डाच्या कडेवर ठेवून ती पावलांचा कागद गुंडाळत होती. वर राहिला होता तो फक्त अस्तराचा कागद. कोरा.

मावशीने इकडे तिकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते माझ्यावर टेकली. मागच्या टोकाला, तिरकी. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मॉडेल कधी गाढवावर बसत नाही, ते चौथऱ्यावर बसतं. टाचणीने कोंबलेली घडी सकाळच्या झाडलोटीत निघून गेली होती; तिचं वजन मागे आलं, माझी पुढची बाजू उचलली गेली. बोटभर.

मी एरवी हे सावरतो. अंग आखडून धरतो. बावीस वर्षं, पस्तीस वर्षं, हेच करत आलोय. त्या दिवशी मी काही केलं असं म्हणू नका. मी एवढंच केलं, की धरलं नाही.

वाडगा कलंडला. सगळी शाई बोर्डभर सांडली.

"अग बाई," म्हणत मावशी उठायला गेली, उठता येईना. सर धावले. "ते गाढव कितीदा सांगितलं बाहेर काढा म्हणून. फेका ते आता." मावशीने लाजेने चूर होऊन पदर घेतला आणि शाई पुसायला हात पुढे केला.

टाचणीने तिचं मनगट धरलं. "मावशी, पुसू नका."

"अग पण..."

"पुसू नका. बघा."

शाई पसरत होती आणि काही ठिकाणी थांबत होती. जिथे थांबत होती तिथे पांढरं उरत होतं. आधी दोन गोल आले. मग एका गोलाच्या बाजूला दांडी, आणि दांडीवर तीन वेढे. नाक. मग ती घडी. मुलं माझ्याभोवती दाटीने उभी राहिली, कुणीतरी माझ्या खिळ्यावर घासून गेलं तरी कुणी ओय केलं नाही.

मावशीने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागदावरच्या चष्म्याला बोट लावायला गेली आणि न लावताच हात मागे घेतला. मग म्हणाली, "बावीस वर्षांनी माझं तोंड काढलं, आणि तेही काळं करून."

आता मात्र सगळे हसले. तीही हसली, आणि ती घडी तिच्या तोंडावर तिथेच पडली, कागदावर होती तिथेच. मग तिने पदर डोळ्यांना लावला. पदराला शाई होती, त्यामुळे तोंड खरंच काळं झालं, पण ते कुणी तिला सांगितलं नाही.

सर वाकून बघत होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "डावा कान थोडा वर गेलाय."

काय करावं अशा माणसाला? पण एक सांगतो, खोटं नको. शाई वाळेपर्यंत कागदाचे दोन कोपरे सरांनी धरून ठेवले. वर्ग रिकामा झाला तरी धरून होते. पावलांचा कागद मावशीने परत केला. म्हणाली, "हा तुम्हाला राहू द्या, सर."

पुढचं मला टाचणीकडून कळलं. ती मावशीला घरापर्यंत सोडायला गेली होती, गुंडाळी तिच्याच काखेत होती. पोस्टमन दहा दिवसांनी आले, डोळ्यावर काळा चष्मा लावून. येऊन माझ्यावर बसले, पायाखालची घडी तपासायला वाकले, आणि घडी सापडेना. कारण सरांनी सुतार बोलावून माझ्या चौथ्या पायाला लाकडाची चकती ठोकून घेतली होती.

"काका," टाचणी म्हणाली, "जाऊबाईंनी बघितलं. आधी लांब धरून, मग जवळ धरून. म्हणाल्या, 'ही तीच. दोरा मीच बांधून दिला होता.' शेवटी काय विचारलं माहितीये? 'माझं काढतील का तिथे?'"

पोस्टमन हसले. "आणि ते निघालं कसं? मला तर शेवटपर्यंत कोराच कागद दिसत होता."

"फार छान निघालं. तुम्ही बघायला हवं होतं. मावशींनी घरी भिंतीवर लावलंय, आपण जाऊ या बघायला."

"पोचलं ना?"

"पोचलं."

"मग झालं," ते म्हणाले. "आम्ही पाकीट उघडून बघत नाही."

तेवढ्यात दार उघडलं आणि मावशीच्या जागी बसायला जाऊबाईच आत आल्या. चपला चौथऱ्याखाली भिरकावल्या, खुर्चीवर चढून बसल्या, केस सारखे केले. सर म्हणाले, "आजी, चष्मा असेल तर काढून ठेवा." त्या म्हणाल्या, "चष्मा मला नाहीच." सर वर्गाकडे वळून म्हणाले, "चला, सुरू करा. वजन बघा, पाठ बघा. चेहरा शेवटी."

"का बरं?" जाऊबाई म्हणाल्या. "मी तर चेहऱ्यासाठीच आलेय."

सर माझ्याकडे बघायला लागले, जणू हे माझंच काम. या वेळी मात्र माझं नव्हतं, शपथ.

तर असा मी, नंबर सात. फेकायचं म्हणत होते, अजून फेकलं नाही. पाठीवर शाईचा मोठा काळा डाग आहे, बदामावरून गेलाय, आता दोन्ही अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणजे माझं होतं ते शिक्षणही गेलं. चार पाय सारखे झालेत. मी हलत नाही, सगळे म्हणतात काय सुधारलं गाढव.

तुमच्यापैकी कुणी कधी माझ्यावर बसलात, तर एक करा. आधी समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघा, मांडी कुठे पळून जात नाही. आणि जमलं तर येताना पक्कड आणा. ती चकती काढून द्या मला. पुन्हा कधी लागेल, सांगता येत नाही.

खिळ्याला मात्र हात लावू नका.